अ‍ॅडजस्टेबल साइटच्या आड लपवलेला दोष: वापरलेले रिव्हॉल्व्हर घेताना झालेली फसवणूक

अंगावर बाळगण्यासाठी परवान्यावर रिव्हॉल्व्हर घेणाऱ्या प्रत्येकापुढे मागच्या साइटचा, म्हणजे नेम धरताना ज्या खाचेतून पाहायचे तिचा, प्रश्न येतोच. फ्रेमच्या वरच्या पट्टीतच कोरलेली स्थिर खाच असलेले घ्यावे, की स्क्रूने वरखाली आणि डावीउजवीकडे सरकणारी अ‍ॅडजस्टेबल साइट असलेले घ्यावे, यावर जाणकारांची मते ठाम असतात आणि दोन्ही बाजूंना वजनदार कारणे असतात. मात्र याच प्रश्नाचा आधार घेऊन बिघडलेले हत्यार चांगले म्हणून कसे गळ्यात मारले जाते, याविषयी फारसे लिहिले जात नाही. माझ्या बाबतीत ते घडले आहे, आणि ज्या पद्धतीने घडले ती पद्धत दुसऱ्या कोणावरही सहज वापरता येईल अशी आहे, म्हणून ती तपशीलवार मांडतो.

मला ३ इंची नळीचे, .३८ स्पेशल काडतुसांचे वापरलेले रिव्हॉल्व्हर हवे होते आणि माझा कल स्थिर साइटकडे होता. अशा साइटची परंपरा जुनी आहे. १९२७ सालचे कोल्टचे डिटेक्टिव्ह स्पेशल आणि १९५० सालचे स्मिथ अँड वेसनचे चीफ्स स्पेशल ही दोन्ही छोटी रिव्हॉल्व्हरे स्थिर खाच घेऊनच आली, कारण कपड्याखालून काढताना अडकेल असे काही वर नसावे आणि आपटली तरी साइट हलू नये, ही त्यांची पहिली गरज होती. विक्रेत्याने माझे सगळे ऐकून घेतले आणि मग अ‍ॅडजस्टेबल साइटचे एक रिव्हॉल्व्हर पुढे ठेवले. त्याचा युक्तिवाद असा होता: स्थिर साइट कारखान्यात ज्या काडतुसासाठी जुळवलेली असते त्याच काडतुसाला खरी ठरते, उद्या तुम्ही गोळीचे वजन बदलले की नेम चुकणार आणि तुमच्या हाती उपाय नसणार, याउलट येथे दोन स्क्रू फिरवले की नेम तुमच्या हुकमात.

हा युक्तिवाद खोटा नव्हता आणि म्हणूनच तो धोकादायक होता. .३८ स्पेशलच्या स्थिर साइटी बहुधा १५८ ग्रेन (गोळीचे वजन मोजण्याचे छोटे एकक) वजनाच्या गोळीला धरून जुळवलेल्या असतात, हे खरे आहे. काडतूस पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतच्या काळात धक्क्याने नळीचे तोंड वर उचलले जाऊ लागते. जड गोळी सावकाश जाते, नळीत जास्त वेळ राहते, त्यामुळे ती सुटेपर्यंत तोंड अधिक वर गेलेले असते आणि ती वर लागते. हलकी, वेगवान गोळी लवकर सुटते आणि खाली लागते. नवख्याला हे उलटे वाटते. विक्रेत्याला मात्र ते पक्के ठाऊक होते, आणि हे ज्ञान त्याने मला पटवण्यासाठी जितके वापरले तितकेच दोष झाकण्यासाठीही वापरले.

पुरावा म्हणून त्याने कागदी लक्ष्यावरची छिद्रे दाखवली. छिद्रे एकमेकांना चिकटून होती आणि जवळजवळ मध्यावर होती. हे याच रिव्हॉल्व्हरने मारलेले आहे, असे तो म्हणाला, आणि ते खरेही असावे. किती अंतरावरून आणि कोणत्या गोळीने मारले, हे त्याने आपण होऊन सांगितले नाही. विचारल्यावर ‘नेहमीच्या अंतरावरून, नेहमीच्या काडतुसाने’ एवढेच उत्तर मिळाले. विक्रीच्या कागदावर ‘अ‍ॅडजस्टेबल साइट, सर्व भाग चालू स्थितीत’ असे मी लिहून घेतले, आणि पुढे त्या एका ओळीनेच मला तारले.

रेंजवर माझ्या १५८ ग्रेनच्या काडतुसांनी १५ मीटरवरून नेम धरला, तेव्हा गोळ्या सुमारे १२ सेंटीमीटर वर आणि थोड्या डावीकडे जाऊ लागल्या. छिद्रांचा गट चांगला, एकमेकांजवळ होता, म्हणजे नळीत किंवा हातात दोष नव्हता. नेमच चुकीच्या जागी बसलेला होता. गोळी वर लागत असेल तर मागची साइट खाली घ्यायची, हा नियम साधा आहे: मागची साइट ज्या दिशेला न्याल त्या दिशेला गोळी सरकते, पुढच्या माशीचे, म्हणजे नळीच्या तोंडावरच्या पुढच्या साइटचे, नेमके उलट. म्हणून मी रिव्हॉल्व्हर रिकामे करून उंचीचा स्क्रू फिरवायला घेतला, तर तो आधीच पूर्ण खाली बसलेला होता आणि आणखी खाली जायला जागाच नव्हती. आडव्या सरकीचा स्क्रू फिरलाच नाही. बेताचा जोर लावूनही त्याने एक टिचकी (फिरताना दर टप्प्याला बसणारा ‘टिक्’ असा झटका) दिली नाही, आणि साइटचे पाते, म्हणजे खाच असलेली सरकती पट्टी, मधोमध असण्याऐवजी उजव्या टोकाला जाऊन थांबलेले होते.

ते हत्यार मी एका अनुभवी गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, नेले, आणि त्यांनी भिंगाखाली जे दाखवले ते प्रत्येक खरेदीदाराने एकदा तरी पाहावे असे आहे. आडव्या स्क्रूच्या खाचेच्या कडा ओरबाडलेल्या होत्या आणि त्यावर काळा रंग फासलेला होता. त्यांनी द्रावकाचा एक थेंब सोडून टोकदार काडीने खरवडल्यावर स्क्रूच्या मुळाशी पिवळसर, काचेसारखा कठीण गोंद दिसू लागला. स्क्रू आत तुटलेला होता आणि पाते त्या गोंदाने एका जागी चिकटवून ठेवले होते. मग त्यांनी पुढची माशी दिव्याच्या तिरप्या उजेडात धरली. माशीच्या उतारावर चकाकी कमी करण्यासाठी आडव्या बारीक रेघा कोरलेल्या असतात. त्यातल्या टोकाजवळच्या रेघा पुसट झाल्या होत्या, आणि माथ्यावर कानशीचे समांतर ओरखडे होते. त्या ओरखड्यांवर पोलादाला निळसर रंग देणारे, हाताने लावलेले रसायन होते, ज्याची छटा कारखान्याच्या मूळ निळाईहून किंचित करडी पडते. समोरून पाहिल्यावर माशी केसभर उजवीकडे कललेली दिसत होती.

या सगळ्याचे मूळ एकच होते: रिव्हॉल्व्हर कधी तरी कठीण जमिनीवर जोरात आपटले होते. माशी कलली, तिच्या माथ्याला खोक पडली, मागच्या साइटचा स्क्रू तुटला. माशी बदलायची आणि मागची साइट नवी बसवायची, हे सरळ काम होते. त्याऐवजी कोणी तरी खोक दिसू नये म्हणून माथा घासून काढला. माशी बुटकी झाली की गोळी वर लागते, म्हणून मागची साइट तळाला बसवली. माशी उजवीकडे कलली की गोळी डावीकडे जाते, म्हणून मागचे पाते उजव्या टोकाला नेऊन चिकटवले. तरीही गोळी वर लागत राहिली असती, म्हणून दाखवण्यापुरते लक्ष्य हलक्या, बहुधा ११० ग्रेनच्या गोळीने आणि जवळून मारले असावे, असा गनस्मिथचा तर्क होता आणि मला तो पटतो. १५ मीटरवरची १२ सेंटीमीटरची चूक ५ मीटरवर ४ सेंटीमीटरच उरते, आणि हलकी गोळी खाली लागून त्यातलाही बराच भाग भरून काढते. तराजूच्या एका पारड्याखाली चिंच आणि दुसऱ्याखाली मेण चिकटवून काटा मध्यावर आणावा, तसे हे जुळवलेले होते.

घासलेल्या माशीचे मोजमापही जुळले. चुकीचे अंतर गुणिले दोन साइटींमधले अंतर, भागिले लक्ष्यापर्यंतचे अंतर, हे गणित कोणालाही करता येते. या रिव्हॉल्व्हरवर दोन साइटींमध्ये सुमारे १२५ मिलिमीटर होते. १२० मिलिमीटर गुणिले १२५, भागिले १५,०००, म्हणजे बरोबर १ मिलिमीटर. व्हर्नियरने मोजल्यावर माशी त्या मॉडेलच्या मूळ उंचीपेक्षा जवळजवळ तेवढीच बुटकी निघाली. हे आकडे कागदावर आल्यावर ‘तुमचा हात वर जातो’ हे विक्रेत्याचे पालुपद थांबले.

त्यानंतर त्याने दुसरा डाव टाकला. तुम्हाला मुळात स्थिर साइटच हवी होती ना, मग तेच घ्या, असे म्हणत त्याने अदलाबदलीसाठी स्थिर साइटचे रिव्हॉल्व्हर काढले. आणि स्थिर साइटमध्ये बिघडण्यासारखे काही नसतेच, असे आश्वासनही दिले. हे वाक्य अनेकांच्या तोंडी असते आणि ते अर्धेच खरे आहे. स्थिर साइटला स्क्रू नसतात, पण कानस तिलाही लागते. मी ते रिव्हॉल्व्हर उघडून, काडतुसांचे सर्व कप्पे रिकामे असल्याची खात्री करून, पांढऱ्या भिंतीकडे रोखून पाहिले. माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या सारख्या जाडीच्या फटी दिसायला हव्यात. येथे डावीकडची फट उजवीच्या जवळजवळ दुप्पट होती, कारण खाचेची डावी भिंत आतून घासून रुंद केलेली होती. असे घासणे हा मान्य उपाय आहे. आडवी चूक थोडी असेल तर चांगला कारागीरही खाच एका बाजूने रुंद करतो किंवा नळी फ्रेममध्ये किंचित फिरवून माशी सरळ करतो. पण ते केले असल्याचे सांगायचे असते. या विक्रेत्याने सांगितले नाही, आणि मी ती अदलाबदल नाकारली.

साइटच्या निवडीविषयी माझे मत या अनुभवाने बदलले नाही, उलट त्याला धार आली. अ‍ॅडजस्टेबल साइट ही वाईट वस्तू नाही. १९५५ साली आलेले स्मिथ अँड वेसनचे कॉम्बॅट मॅग्नम हे पोलिसांच्या कमरेला राहण्यासाठी बनवलेले रिव्हॉल्व्हर अशीच साइट घेऊन आले, आणि ज्याला हलकी व जड अशी दोन्ही काडतुसे वापरायची आहेत, दूरच्या लक्ष्यावर सराव करायचा आहे, त्याला तिच्यावाचून गत्यंतर नाही. पण ज्याने एक काडतूस ठरवले आहे आणि जो तेच बाळगणार आहे, त्याला रोज सरकण्याची सोय कशासाठी हवी, हे मला कधी उमगलेले नाही. .३५७ मॅग्नम या अधिक जोरदार काडतुसाचा दणका सोसणाऱ्या स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल १३ ला स्थिर खाचच होती, आणि ३ इंची नळीचे तेच रिव्हॉल्व्हर अमेरिकेच्या एफबीआयने आपल्या माणसांना दिले होते. वापरलेले रिव्हॉल्व्हर घेताना आणखी एक फरक पडतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्थिर साइटचे हत्यार आपटले किंवा घासले गेले तर नेम चुकतो आणि ते लपवायला जागा फार थोडी असते. अ‍ॅडजस्टेबल साइट मात्र तोच दोष आपल्या सरकीत गिळून टाकते, आणि सरक संपेपर्यंत बाहेरून सारे ठीक दिसते.

म्हणून वापरलेल्या रिव्हॉल्व्हरची अ‍ॅडजस्टेबल साइट पाहताना पहिली नजर पाते सरकीत कोठे उभे आहे यावर टाकावी. ते मध्याच्या आसपास असेल तर ठीक. एखाद्या टोकाला असेल तर ते तिथे का गेले याचे उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नये. विक्रेत्याच्या परवानगीने, खाचेत नेमका बसणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरने, दोन्ही स्क्रू काही टिचक्या फिरवून पाते खरोखर सरकते का ते पाहावे आणि टिचक्या मोजून ते परत मूळ जागी आणावे. ‘नुकतीच सेट केली आहे, हात लावू नका’ असे उत्तर आले तर बोलणे तिथेच थांबवावे. लक्ष्याचा कागद दाखवला गेला तर त्यावर अंतर, गोळीचे वजन आणि काडतुसाचा प्रकार लिहून मागावा. आणि शक्य असेल तेथे तुम्ही जे काडतूस बाळगणार आहात त्यानेच, तुम्हाला लागू पडणाऱ्या अंतरावरून, तुमच्यासमोर गोळ्या झाडायला सांगाव्यात.

गनस्मिथचा लेखी अहवाल आणि विक्रीच्या कागदावरची ती ओळ शेजारी ठेवल्यावर विक्रेत्याने रिव्हॉल्व्हर परत घेतले. हत्याराचा व्यवहार उलटवताना मालकी बदलल्याची नोंदही कायद्याप्रमाणे पुन्हा करावी लागते, आणि त्याचा खर्च त्याने मलाच सोसायला लावला. अहवालाची एक प्रत मी त्याच्याकडे सही घेऊन ठेवली आहे, म्हणजे तेच रिव्हॉल्व्हर पुन्हा विकायला काढताना साइटविषयी आपल्याला माहीत नव्हते, असे त्याला म्हणता येणार नाही.