विद्यापीठाच्या खात्यासाठी द्विस्तरीय पडताळणी : एका सत्राचा अनुभव

आमच्या विद्यापीठाने ईमेल, ग्रंथालय आणि परीक्षा अर्ज यांसाठी पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी सक्तीची केली, तेव्हा मी ती नाखुशीनेच सुरू केली. एका सत्रानंतर मात्र माझे मत बरेच बदलले आहे. नोंदणी सोपी होती: पडद्यावरील क्यूआर कोड ऑथेंटिकेटर ॲपने स्कॅन केला की झाले. त्यातून एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठवली जाते आणि ती किल्ली व चालू वेळ यांच्या गणितातून दर ३० सेकंदांनी नवा ६ अंकी आकडा तयार होतो, त्यामुळे ज्या तळघरातील वाचनकक्षात रेंज नसते आणि एसएमएसचा ओटीपी हमखास रखडतो, तिथेही लॉगिन अडत नाही. फोनचे घड्याळ मात्र अचूक हवे, मी ते पाच मिनिटे पुढे ठेवले होते (सवय जुनी!) आणि आकडा का नाकारला जातो, हे समजायला अर्धा दिवस गेला.

खरी नाराजी फोन बदलताना झाली. राखीव कोड (ॲप हाताशी नसताना लॉगिनसाठी वापरायचे आकडे) उतरवून ठेवण्याची सूचना इतक्या बारीक अक्षरांत होती की ती मी वाचलीच नाही, आणि मदत कक्षाने ओळखपत्र तपासून खाते पुन्हा जोडून देईपर्यंत दोन दिवस गेले. तेवढ्यात निबंध सादर करण्याची मुदतही टळली. बनावट लॉगिन पानावर आपणच आकडा भरला, तर ही पद्धत वाचवू शकत नाही. त्यावर उपाय असलेली यूएसबी सुरक्षा किल्ली (लॉगिनसाठी संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) येथे चालते, परंतु ती स्वखर्चाने घ्यावी लागते.