पोलो जीटीसाठी हलकी चाके: निपाणीचा काटा आणि बेळगावचे दुकान

गेल्या पावसाळ्यात जांबोटीहून चोर्ल्याकडे जाताना, कणकुंबीच्या अलीकडे, पाण्याने भरलेल्या आणि त्यामुळे सपाट भासणाऱ्या एका खड्ड्यात माझ्या गाडीचे पुढचे डावे चाक गेले. निपाणीला परत येऊन पाहतो तो टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आलेला. रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये रबर चेपले गेले की आतले धागे तुटतात आणि त्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते. अशा टायरला पंक्चरवाल्याकडे उपाय नसतो, तो बदलावाच लागतो. बाकीचे तीन टायरही झिजत आले होते. तेव्हा टायरबरोबर रिमचाही विचार करावा असे ठरवले आणि त्यातून बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातील एका चाकांच्या दुकानाशी माझा संबंध आला. त्या दुकानातून घेतलेल्या चाकांवर मी आता सहा हजार किलोमीटर गाडी चालवली आहे, आणि हा अभिप्राय त्या आधारे लिहीत आहे.

गाडी २०१८ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे: १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस शक्ती आणि सात गतींचा, आपोआप गिअर बदलणारा डीएसजी गिअरबॉक्स. तिच्यावर कंपनीची १६ इंची मॅगव्हील आणि १९५/५५ आर१६ मापाचे टायर होते, म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंच. अशी गाडी घेऊन चाकांच्या कोणत्याही दुकानात गेले की पहिला सल्ला १७ इंचांचाच मिळतो, आणि मलाही तोच मिळाला. रिम मोठी दिसते, टायरची पट्टी बारीक दिसते आणि गाडी एकदम झोकात उभी राहते, हे खरे आहे. पण २०५/४५ आर१७ या मापात टायरच्या कडेची उंची ९२ मिलिमीटर भरते, तर माझ्या जुन्या टायरची १०७ मिलिमीटर होती. जो रस्ता १०७ मिलिमीटरला पुरून उरला त्याच्यासमोर ९२ मिलिमीटर घेऊन जाण्यात मला शहाणपणा दिसला नाही. शिवाय मोठी रिम बहुधा जडही असते, आणि बाजारात नामांकित जपानी नमुन्यांची हुबेहूब नक्कल म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या ओतीव रिमा तर हमखास जड असतात. कमी प्रतीच्या ओतकामात ताकद आणायची तर धातू जाड ठेवावा लागतो, हे बेळगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

म्हणून मी उलट दिशेने गेलो आणि १५ इंच रिम घ्यायचे ठरवले. ही कल्पना माझी स्वतःची नव्हे. २०१३ साली पोलोची ही आवृत्ती भारतात आली तेव्हा ती १८५/६० आर१५ टायरवरच येत असे, त्यामुळे पुढच्या ब्रेकवर १५ इंची रिम बसते की नाही ही शंका मुळातच नव्हती. टायर मात्र मी १९५/६० आर१५ निवडले. जुन्या चाकाचा एकूण व्यास ६२१ मिलिमीटर होता आणि नव्याचा ६१५ भरतो, म्हणजे फरक एका टक्क्याच्या आसपास. गाडी खाली आली ती जेमतेम ३ मिलिमीटर आणि वेगमापकातही लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. १८५/६० घेतले असते तर व्यास ६०३वर आला असता आणि गाडी ९ मिलिमीटर खाली बसली असती, जे आमच्याकडच्या गतिरोधकांवर परवडले नसते. भारांकही, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडाही, पाहिला: जुन्या टायरचा ८७, म्हणजे एका टायरला ५४५ किलो, आणि नव्याचा ८८, म्हणजे ५६० किलो. माप बदलताना भारांक खाली जाऊ देऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा मुद्दाही आहेच. उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे मूळ मापाच्या जितके जवळ राहाल तितके बरे. विमा कंपनीला मी बदल लेखी कळवला.

रिम निवडताना तीन प्रकार समोर होते. साधी ओतीव रिम स्वस्त आणि जड. फोर्ज्ड रिम, म्हणजे तापवलेला अॅल्युमिनिअमचा ठोकळा प्रचंड दाबाखाली घडवून केलेली, सर्वांत हलकी आणि सर्वांत चिवट. पण मला सांगितलेली किंमत चार नगांना लाखाच्या पुढे होती आणि ती माझ्या गाडीच्या वयाला शोभत नव्हती. मधला मार्ग फ्लो फॉर्मिंगचा. यात रिम आधी ओततात आणि मग ती तापवून, फिरवत ठेवून, टायर बसतो तो बाहेरचा भाग रोलरने दाबून ओढतात. त्यामुळे तिथला धातू पातळ होऊनही आधीपेक्षा घट्ट होतो. मी १५ इंच व्यासाची, साडेसहा इंच रुंदीची फ्लो फॉर्म्ड रिम घेतली. मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल ही जपानी मानकाची खूण आणि भारक्षमतेचा आकडा कोरलेला आहे, हे दुकानदाराने स्वतः रिम उलटी करून दाखवले. ज्या रिमच्या मागे काहीच कोरलेले नाही ती घेऊ नये, मग नक्षी कितीही सुंदर असो. चार रिमा मला ५२,००० रुपयांना पडल्या. टायर मिशलिनचे घेतले आणि ते प्रत्येकी ६,९०० रुपयांना. टायरच्या कडेवरील चार आकडे, म्हणजे कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तो तयार झाला ते, मी चारही टायरवर वाचून घेतले आणि दुकानदाराला त्याचा राग आला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. नायट्रोजन भरण्याचा आग्रह मात्र मी मोडून काढला. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

आता वजनाविषयी. या विषयावरील गप्पांत कंपनीच्या पत्रकातले आकडे फार फेकले जातात, म्हणून मी जुनी आणि नवी चाके निपाणीत एका स्नेह्याच्या तंबाखूच्या वखारीत नेली. तिथला इलेक्ट्रॉनिक काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवतो. जुने चाक टायरसह १८.२ किलो भरले आणि नवे १४.२ किलो. नुसती जुनी रिम ९.४ आणि नवी ६.३ किलो, उरलेला फरक टायरचा. चार चाकांत मिळून १६ किलो. काट्याशेजारी बसलेल्या दिवाणजींनी हे सगळे शांतपणे पाहिले आणि शेवटी विचारले, “पैसे घालून चाकं बारकी करून आलास काय रे?” त्यांचा प्रश्न गैर नव्हता.

चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. हे गणित चुकीचे आहे. फिरणाऱ्या चाकाला पुढेही न्यावे लागते आणि फिरवावेही लागते, म्हणून त्याचे वजन दोनदा मोजावे लागते हे खरे. पण ते फार तर दुप्पट, आणि तेही टायरच्या अगदी बाहेरच्या थराबाबत. रिमचा धातू केंद्राच्या जवळ असल्याने तिथे हा गुणक साधारण १.४च्या पुढे जात नाही. या हिशेबाने माझे १६ किलो वेग घेताना सुमारे २४ किलोंसारखे वागतात, म्हणजे मागच्या आसनावरून एक शाळकरी पोर उतरल्याइतका फायदा. तवंदी घाट चढताना, स्तवनिधीच्या बाजूने, गाडी किंचित मोकळी वाटते. यापेक्षा जास्त दावा करणारा माणूस स्वतःचीच समजूत घालत असतो.

खरा फायदा खराब रस्त्यावर आहे. स्प्रिंगच्या खाली असलेले वजन जितके कमी, तितके ते खड्ड्यातून वर उसळल्यावर पुन्हा रस्त्यावर लवकर टेकते आणि तितका कमी धक्का वर येतो. निपाणी ते बेळगाव महामार्गावर हा फरक जाणवतच नाही म्हटले तरी चालेल. जांबोटीच्या पुढे मात्र, वळणात ब्रेक सोडून गाडी आत घेत असताना मध्येच उखडलेला पट्टा आला की पूर्वी गाडीचे नाक बाहेरच्या बाजूला उडी मारल्यासारखे सरकत असे. आता चाक ठेच खाते आणि आपल्या रेषेवर राहते. यात हलकेपणाचा वाटा किती आणि १० मिलिमीटर जास्त रबराचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. त्या जास्त रबराची किंमतही मोजावी लागली आहे. सुकाणू वळवल्यावर पहिल्या क्षणी गाडी आधीपेक्षा जराशी उशिरा प्रतिसाद देते, आणि ज्यांना तो तडक प्रतिसादच हवा आहे त्यांनी १६ इंचांतच हलकी रिम शोधावी. दिसण्यातही गाडी थोडी साधी झाली आहे. चाकावरच्या कमानीत पोकळी वाढल्यासारखी वाटते.

दुकानाच्या सेवेबद्दल माझे मत संमिश्र आहे. सल्ला आणि माल चांगला, बसवणी पहिल्या खेपेला निष्काळजी. पोलोच्या हबचा, म्हणजे ज्यावर रिम टेकते त्या मधल्या उंचवट्याचा, व्यास ५७.१ मिलिमीटर आहे. बाहेरच्या रिमा अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून त्यांचे मधले भोक ७३.१ मिलिमीटरचे ठेवतात आणि मधली पोकळी कड्याने भरतात. त्या दिवशी दुकानात कडी संपली होती आणि बोल्टवरच चाक मध्यावर येते, काही होत नाही, असे सांगून मला रवाना केले. हत्तरगीच्या आसपास नव्वदच्या पुढे गेलो आणि सुकाणू थरथरू लागले. दुसऱ्या दिवशी परत गेलो तेव्हा मालकाने वाद घातला नाही, हे खरे. पण प्लॅस्टिकची कडी मागवायला आठवडा लागेल म्हणाला. मग त्याच्याच दुकानातला गोकाकचा पोरगा मला दोन गल्ल्यांपलीकडच्या लेथवर घेऊन गेला. लेथवाल्या मिस्त्रींनी आधी गाडीपाशी येऊन व्हर्निअरने हब मोजला, मग रिमचे भोक मोजले आणि अॅल्युमिनिअमच्या जाड नळीतून चार कडी माझ्यासमोर कातली. पहिले कडे हबवर चढवताना ते अडले, तेव्हा त्यांनी ते पुन्हा चकमध्ये धरून केसभर कातले आणि दुसऱ्यांदा ते अंगठ्याच्या दाबाने, हलका ‘टक्’ आवाज करत बसले. चार कड्यांचे त्यांनी १,२०० रुपये घेतले. मोजमाप कन्नडमध्ये, हिशेब मराठीत आणि चहा दोन्हींत झाला. थरथर त्या दिवसापासून गेली ती गेलीच. उद्यमबागेत चाके बसवून घेण्याचा हा फायदा कोल्हापुरात वा हुबळीत किती मिळाला असता कोण जाणे.

दुसरी गोष्ट बोल्टची. फोक्सवॅगनच्या मूळ रिमला बोल्टचे बूड गोलसर लागते आणि बाहेरच्या बहुतेक रिमांना शंकूच्या आकाराचे. दोन्हींचे आटे सारखेच, १४ मिलिमीटरचे, त्यामुळे चुकीचा बोल्टही निमूटपणे आत जातो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात एका बारीक कडेवर टेकून राहतो. असे चाक कधी सैल होईल ते सांगता येत नाही. दुकानदाराने शंकूचे वीस बोल्ट स्वतःहून दिले, आणि त्याला मी पूर्ण गुण देतो. दुकानातल्या पोराने मात्र पहिले चाक हवेच्या बंदुकीने आवळायला सुरुवात केली तेव्हा मला थांबवावे लागले. बंदूक किती जोर लावते ते तिला स्वतःलाही ठाऊक नसते. पोलोचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला आवळायचे असतात आणि त्यासाठी लावलेला जोर मोजणारा टॉर्क पाना लागतो. तो दुकानात होता, पेटीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. शंभर किलोमीटरनंतर मी पुन्हा आवळून पाहिले, दोन बोल्ट किंचित फिरले.

सहा हजार किलोमीटरनंतर चारही रिमा उतरवून पाहिल्या. डाव्या मागच्या रिमच्या आतल्या कडेला नखाएवढी चेप आहे, हवा जात नाही. ती तापवून सरळ करून देतो असे दोघांनी सांगितले, पण तापवल्याने धातूची ताकद जाते म्हणून मी ती तशीच ठेवली आहे आणि ते चाक मागेच राहू दिले आहे.

राहिली स्टेपनी. ती पोलादी आहे, कंपनीची आहे आणि तिला गोल बुडाचेच बोल्ट लागतात, ही गोष्ट मला दुकानातून निघाल्यावर काकतीजवळ सुचली. तिथूनच गाडी वळवली. जुने बोल्ट भंगाराच्या डब्यात गेले होते. त्यातले पाच शोधून, पुसून आणले. ते आता वखारीतल्या एका कापडी पिशवीत बांधून स्टेपनीच्या खोबणीत ठेवले आहेत, आणि डिकी उघडली की अजून तंबाखूचा वास येतो.