‘मॅच’चा रंग चुकतोय: रेजेक्स दुरुस्त करावा की पार्सर आणावा?
पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.१० आवृत्तीत, म्हणजे २०२१ साली, ‘मॅच’ आणि ‘केस’ हे शब्द कीवर्ड (भाषेने खास अर्थ दिलेले शब्द) झाले, पण अर्धवट. ‘मॅच पॉइंट:’ लिहिलं तर कीवर्ड, ‘मॅच = ५’ लिहिलं तर साधं व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव). जुन्या कोडमध्ये या नावाची व्हेरिएबल्स पैशाला पासरी, म्हणून ही मधली सोय. कोडमधले शब्द रंगवणाऱ्या हायलायटरच्या कीवर्ड यादीत मात्र शब्द टाकला की तो दिसेल तिथे जांभळा!

स्वस्त उपाय रेजेक्सचा, म्हणजे मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राचा: ओळीच्या सुरुवातीला ‘मॅच’, पुढे लगेच बरोबरचं चिन्ह किंवा टिंब नको, शेवटी कोलन हवा. ही शेवटची अट महत्त्वाची. ‘मॅच(क्ष)’ हा फंक्शन कॉल आणि ‘मॅच(क्ष):’ हा कीवर्ड. फरक तेवढ्या दोन टिंबांचा. पण टेक्स्टमेट या एडिटरच्या पद्धतीचा रेजेक्स एका वेळी एकच ओळ पाहतो. कुणी कंस उघडून कोलन तीन ओळी खाली नेला की संपलं.

दुसरा उपाय पार्सरचा, म्हणजे कोडची रचना उलगडणाऱ्या प्रोग्रामचा. ट्री-सिटर या साधनाचा पार्सर अख्ख्या फाइलच्या रचनेचं झाड बांधतो, त्यामुळे शब्द कीवर्ड की नाव हे झाडातल्या जागेवरून ठरतं. कोलन कुठेही असो. मात्र प्रत्येक भाषेचा वेगळा पार्सर सांभाळा, ब्राउझरसाठी त्याचं वेबअसेम्ब्लीत (ब्राउझरला चालवता येणाऱ्या कोडमध्ये) रूपांतर करा, आणि अर्धवट टाइप केलेल्या ओळीचा रंग कधी कधी लुकलुकतो तेही सोसा.

लेखात दहा ओळींचे नमुने दाखवायचे असतील तर मी रेजेक्सच घेईन. एडिटर लिहीत असाल तर रेजेक्सला ठिगळं लावत बसू नका, पार्सरच आणा; ३.१२ मध्ये ‘टाइप’ हा शब्दही त्याच वाटेने आलाय.