उन्हाळ्यात गॅस वाचवणारं यंत्र: माझे २,५३६ रुपये गेले, गल्लीचे ९,२५०

सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली, ऊन चढायला लागलं, म्हणजे तपासणीच्या नावानं गॅस वाचवायचं यंत्र विकणारी ती माणसं आता पुन्हा गल्लीबोळांतून फिरणार. म्हणून हे लिहितेय. लिहिताना लाज वाटते, पण गप्प बसले तर आणखी दहा घरं फसतील. गळ्यात ओळखपत्र, निळा शर्ट, हातात पावतीपुस्तक आणि "ताई, गॅसची सक्तीची तपासणी आहे" एवढं कानावर पडलं की दार लावून घ्या. पुढचं ऐकू नका. मी ऐकत उभी राहिले.

८ मे २०२५, गुरुवार, दुपारचे बारा. जुळे सोलापूरमधलं आमचं घर. हे कामावर गेलेले, मामा आतल्या खोलीत कूलरसमोर झोपलेले, बाहेर चिटपाखरू नाही. महिन्याभरापूर्वीच टाकी ५० रुपयांनी महागली होती आणि घरात रोज तोच विषय चालायचा. त्याच सकाळी मी नवी टाकी जोडली होती.

दोघं आले. पाच वर्षांची तपासणी राहिलीय म्हणाले, फी २३६. या आकड्यानंच माझा घात केला, कारण तो खरा आहे. सक्तीच्या तपासणीची फी २०० आणि वर जीएसटी, असे २३६ माझ्या नणंदेकडून एजन्सीच्या माणसानं घेतले होते. लबाड माणूस एक खरी गोष्ट हाताशी ठेवून येतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. गॅसचं पुस्तक मागितलं, मी दिलं, त्यातला ग्राहक क्रमांक त्यानं पावतीवर उतरवून घेतला. एजन्सीचा माणूस असता तर माझा नंबर त्याच्याकडे आधीच नसता का?

मग नळी. मी "थांबा" म्हणेपर्यंत ब्लेडनं कापून टाकली. "बाद झालीय ताई, स्फोट होईल." ती नळी २०२३ ची होती, साल वरच छापलेलं होतं, आणि सुरक्षा नळी पाच वर्षं चालते. नवीचे ४५० घेतले. एजन्सीत ती नळी दोनशेच्या आत मिळते. कुणालाही तुमच्या नळीला हात लावू देऊ नका, आधी छापलेलं साल स्वतः वाचा.

आणि मग ते यंत्र काढलं. पितळी, बोटभर लांबीचं, नळीच्या मध्ये बसवायचं. म्हणे सोलापूरच्या उन्हात टाकीतला गॅस फुगतो, प्रेशर वाढतं, जास्तीचा गॅस न जळताच निघून जातो, टाकीमागं तीन-चार किलो हवेत. १४.२ किलोतले चार किलो! ऐकूनच पोटात गोळा आला. यातही निम्मं खरं आहे. उष्णतेनं टाकीतला दाब वाढतोच. पण मग रेग्युलेटर कशाला लावलेला असतो? आत दाब कितीही असो, शेगडीकडे गॅस साधारण ३० मिलिबारनंच जातो, बाहेर ४३ डिग्री असो नाहीतर १३. हे मला नंतर कळलं. शाळेत शिकलेलं असेलही, पण भर दुपारी स्वयंपाकघरात दोन अनोळखी माणसं उभी असताना ते आठवत नाही.

पण जे मला आठवायला हवं होतं, ते शाळेतलं नव्हतंच. त्यानं प्रात्यक्षिक दाखवलं. माझंच पसरट पातेलं घेतलं, एक तांब्या पाणी ओतलं, मोठ्या बर्नरवर ठेवलं आणि मोबाईलवर वेळ लावली. साडेसहा मिनिटांनी उकळी फुटली. मग यंत्र बसवलं, पाणी बदललं, पुन्हा तेच पातेलं. आणि बोलता बोलता ओट्यावरची स्टीलची ताटली उचलून त्यानं त्यावर झाकली. चार मिनिटं दहा सेकंद.

ती ताटली मी बघितली. तिच्या काठाला पोचा आहे, तोही मला दिसला. झाकण ठेवलं की पाणी लवकर उकळतं, हे मी सत्तावीस वर्षं रोज करतेय. शेगडी आणि पातेलं आधीच तापलेलं होतं, तेही कळत होतं. "झाकण का ठेवलंत?" एवढे तीन शब्द तोंडाशी आले होते. तेवढ्यात तो म्हणाला, "वैनी, आज घेतलं तर १,८५०, उद्यापासून २,४००." आणि ते शब्द तोंडातच राहिले. आजही पातेल्यावर ताटली ठेवताना हात थांबतो.

यंत्र १,८५०, तपासणी २३६, नळी ४५०. एकूण २,५३६. क्यूआर स्कॅन केला तर वर कुठल्या कंपनीचं नाही, एका बाईचं नाव आलं. "मॅडमचं खातं आहे," म्हणाला. पैसे पाठवण्याआधी वरचं नाव वाचा आणि ते माणसाचं असलं तर तिथेच थांबा.

यापुढचं सांगायला सगळ्यात जड जातं. ती टाकी २२ जूनपर्यंत पुरली, ४५ दिवस. जत्रेच्या दिवसांत आमची टाकी ३३ दिवसांत संपते. मला वाटलं, यंत्र चालतंय. जूनअखेरीस तो पुन्हा आला, "ताई, किती दिवस पुरली?" विचारलं आणि मी आनंदानं सांगितलं. त्यानं मोबाईल समोर धरला, मी त्यातही बोलले. तो व्हिडिओ दाखवून त्याच दुपारी आमच्या गल्लीत पाच घरांत यंत्रं विकली. पाच गुणिले १,८५०, म्हणजे ९,२५०. कोपऱ्यावरच्या अक्कांनी विड्यांच्या मजुरीतून दिले. माझं तोंड बघून दिले.

पुढची टाकी ३७ दिवसांत संपली. श्रावणात एका रात्री ओट्याखाली वास आला. गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. खिडक्या-दारं उघडली, टाकी बंद केली, दिव्याच्या बटणाला हात लावू दिला नाही. (गळती वाटली तर १९०६ लावा, चोवीस तास चालू असतो. वास येत असताना घरात फोनही वापरू नका, बाहेर जाऊन लावा.) सकाळी शेगडी दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. गळती त्या यंत्राच्या जोडातून होती. त्यानं पकडीनं ते उघडून माझ्या हातावर पालथं केलं. आत एक जाळी आणि लोहचुंबकाचे दोन तुकडे. बाकी काही नाही. एक जास्तीचा जोड म्हणजे गळायची एक जास्तीची जागा, असं तो म्हणाला.

मग मी २०२४ चं जुनं कॅलेंडर काढलं. टाकी जोडल्याची तारीख मी त्यावर लिहिते. ३० एप्रिल ते १४ जून. ४५ दिवस. तेव्हा कसलंच यंत्र नव्हतं. उन्हाळ्यात आमच्याकडे आंघोळीचं पाणी तापवावंच लागत नाही, गच्चीवरच्या टाकीतलंच कढत येतं. कडक भाकरी एका दिवशी भाजून डबा भरला की आठवडा निघतो. गॅस आपोआप वाचतो. माझीच बचत त्यानं मला १,८५० ला विकली. तुमच्या टाक्यांच्या तारखा लिहून ठेवा, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून बघा. जानेवारीशी मे जोडून बघू नका, मी तेच केलं.

आता तक्रारीचं ऐका. एजन्सीत गेले. "आमचा माणूस नाही, तुम्ही घरात घेतलंच का?" लेखी द्या म्हटलं तर नाही. बाहेरची नळी असताना अपघात झाला असता तर विम्याचं अवघड होतं, हे मात्र लगेच सांगितलं. पोलिसांकडे गेले. "पैसे तुम्ही हातानं दिले, वस्तू मिळाली, मग फसवणूक कसली?" मोबाईलवरून दिले म्हटलं तर सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला होता ना, मग हे आमचं नाही. पुन्हा ठाण्यात. साहेब बंदोबस्तावर. चौथ्या खेपेला साहेब भेटले, त्यांनी अर्ज वाचलाही नाही, "अडीच हजारांसाठी कशाला दगदग करता ताई" म्हणाले. अडीच हजार तुम्हाला काही नसतील, साहेब. आमच्याकडे त्यात तीन महिन्यांचा गॅस भागतो. भाच्यानं सांगितलं होतं की ४२० च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, ते मी बोलून दाखवलं, तर "मग वकिलाकडे जा". पुरवठ्याच्या कचेरीत अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला दोन दिवस बोलावलं. रिक्षाचेच ६४० रुपये गेले. ज्या खात्यात पैसे गेले त्याचा पुरावा माझ्या मोबाईलमध्ये आहे, नाव आहे, तारीख आहे, वेळ आहे. एवढं असून कुणी एक फोन करत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फीही नाही. पण दावा लावायचा कुणावर? पावतीवर पत्ता नाही, आणि मोबाईल नंबर मोजला तर नऊच आकडे. तोही मी तेव्हा मोजला नाही.

आणि तपासणीची भीती घालणाऱ्याला एवढंच सांगा, टाकी आणणाऱ्या माणसाकडून साधी तपासणी फुकट करून घेऊ. ज्योत पिवळी दिसली तर बर्नर घासा, डाळ भिजवून कुकरला लावा, उकळी आली की आच बारीक करा. यातल्या कशालाही १,८५० लागत नाहीत.

अक्कांचे पैसे मी दिवाळीत परत केले. बाकीच्या चौघी नको म्हणतात, पण ७,४०० मी वहीत लिहून ठेवलेत. आम्हा सहा जणींच्या सह्यांचा अर्ज तयार आहे, यंत्रं आणि पावत्या एका पिशवीत बांधल्यात. कुणाकडे गुलाबी पावती असेल, वर फक्त "गॅस सुरक्षा तपासणी" छापलेलं आणि कंपनीचं नाव नसलेलं, तर ती फाडू नका, पेमेंटचा फोटो काढून ठेवा आणि आमच्याबरोबर या. एकटीला हाकलतात. सोमवारी अकरा वाजता आम्ही पुन्हा ठाण्यात जातोय.