सेसना १७२ एम, मॉडेल १९७५: घ्यावं का?

हे चार सीटचं जुनं छोटं विमान घेतलं म्हटल्यावर पुण्याहून मावसभावाचा पहिला प्रश्न होता, "दादा, ॲव्हरेज किती देतं?" तर आधी तेच. ताशी साडेआठ गॅलन, म्हणजे बत्तीस लिटर पेट्रोल पितं आणि तेवढ्यात दोनशे किलोमीटर जातं. लिटरला सहाच्या थोडं वर. पण पेट्रोलचा खर्च ही या विमानाची सगळ्यात किरकोळ बाब आहे.

मी अमेरिकेत, मिशिगनमध्ये राहतो. विमान दोघांत आहे. भागीदार इथल्याच एका शाळेत गणित शिकवतो. १७२ हे जगात सर्वाधिक बनलेलं विमान, आजवर ४४ हजारांच्या वर. १९५६ पासून विक्रीला आहे, मध्ये १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं उत्पादन बंद होतं. त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि हात घालायला बिचकेल असा मेकॅनिक सापडत नाही. 'एम' मध्ये लायकमिंग कंपनीचं १५० हॉर्सपॉवरचं ओ-३२० इंजिन आहे. लगेच पुढच्या 'एन' मॉडेलमध्ये १६० हॉर्सपॉवरचं वेगळं इंजिन आलं आणि त्याच्या कॅम-टॅपेटने, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांनी, बऱ्याच मालकांना रडवलं. दहा हॉर्सपॉवरच्या मोहात पडू नका.

विमान बघायला गेलात की रंग, सीटकव्हर, नवे स्क्रीन हे सगळं शेवटी बघा. आधी लॉगबुक मागा आणि विमान किती नियमित उडलंय ते काढा. या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन बंद केलं की तेल खाली निथळतं. महिना-दोन महिने कुणी हात लावला नाही की कॅम कोरडा पडतो, आतल्या दमट हवेने गंज धरतो आणि पुढच्या वेळी तोच गंज टॅपेट खरवडतो. काहीजण पंधरा दिवसांनी हँगरसमोर, म्हणजे विमान ठेवायच्या शेडसमोर, दहा मिनिटं इंजिन चालवून पुण्य पदरात पाडतात. त्याने उलट पाणी वाढतं, कारण तेल पुरतं तापतच नाही आणि वाफ आतच राहते. तासभर उडवा, नाहीतर हात लावू नका. ओव्हरहॉलसाठी, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नव्यासारखं करायला, इंजिनाची कंपनी २००० तास किंवा १२ वर्षं सांगते. जाहिरातीत लोक फक्त तास लिहितात. 'ओव्हरहॉलनंतर फक्त ३०० तास' वाचून आम्ही हुरळलो नाही, कारण तो ओव्हरहॉल पंधरा वर्षांपूर्वीचा होता. त्याऐवजी १४०० तास झालेलं, पण दर आठवड्याला हवेत जाणारं घेतलं.

आता ॲन्युअल. वर्षातून एकदा अधिकृत तपासनीसाने विमान उघडून बघून सही केल्याशिवाय ते उडवता येत नाही. आमचा मेकॅनिक सत्तरीचा आहे आणि मालकाला कामाला लावतो. पंखांखालच्या गोल झाकणांचे स्क्रू काढणं, सीट बाहेर काढणं, चाकांचे बेअरिंग पुसणं आमच्याकडे. नजर आणि सही त्याची. पैसे वाचतात, शिवाय आपल्या विमानाच्या पोटात काय आहे ते कळतं.

खरी मजा कॉम्प्रेशन टेस्टला. इंजिन गरम असतानाच एकेका सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाने हवा सोडतात आणि किती टिकते ते बघतात. ७४, ७५ आलं की चहा. कमी आलं तर कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बुरेटरकडून आली तर इनटेक, तेलाच्या नळीतून आली तर पिस्टनच्या रिंगा. एका वर्षी हा मेकॅनिक आजारी होता म्हणून एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेलं. तिसऱ्या सिलिंडरला ५८ आलं आणि त्यांनी थेट सिलिंडर उतरवण्याचं कोटेशन हातात ठेवलं. आत कॅमेरा घालून बघायची तसदी कुणी घेतली नाही. जुन्या ॲन्युअलची मुदत शिल्लक होती, म्हणून म्हाताऱ्याच्या घरी फोन केला. त्याने पुतण्याला कॅमेरा घेऊन पाठवलं. जळायला लागलेल्या व्हॉल्व्हवर एका बाजूला वेगळाच डाग दिसतो. आमच्या व्हॉल्व्हवर काजळीची वर्तुळं गोल, सारखी होती. विमान तासभर उडवून आणलं, पुन्हा मोजलं, ७१. बसलेला कचरा उडाला होता. कोटेशन अजून फाइलमध्ये आहे.

एक कटकट मात्र कायमची. हे इंजिन ८० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलं, जे आता मिळत नाही. आता मिळणाऱ्या विमानाच्या निळ्या पेट्रोलमध्ये, १०० एलएलमध्ये, त्याच्या चौपट शिसं असतं. ते खालच्या स्पार्क प्लगमध्ये दाण्यांसारखं जमतं आणि टोकदार हत्याराने टोकरून काढावं लागतं. जमिनीवर चालवताना पेट्रोल-हवेचं मिश्रण जितकं पातळ करता येईल तितकं करा, त्रास अर्ध्यावर येतो. प्लग साफ करणं, तेल-फिल्टर बदलणं ही कामं परवानाधारक पायलट-मालकाला स्वतः करता येतात. जुना फिल्टर फेकू नका. कापून, आतला कागद पिळून, उजेडात पसरून धातूची चमक शोधा.

सीट चार, पण माणसं चार नाहीत. टाक्या भरल्या की तीन धडधाकट माणसं आणि एक बॅग. आई-बाबा आले तेव्हा त्यांना मॅकिनॉ बेटावर नेलं, बायको घरी थांबली. त्या बेटावर मोटारींना बंदी आहे, विमानतळाबाहेर घोडागाडीच उभी असते. बाबा म्हणाले, "एवढा खर्च करून शेवटी टांगाच!"

खर्चाचं म्हणाल तर हँगर, विमा आणि ॲन्युअल हे विमान न उडवताही लागतात. ओव्हरहॉलला आज तीस-चाळीस हजार डॉलर सहज जातात, म्हणून आम्ही दर तासामागे वीस डॉलर वेगळ्या खात्यात टाकतो. महिन्याला चार-पाच तासही उडणार नसाल तर सरळ भाड्याने घ्या. आणि घ्यायचंच ठरलं असेल तर आधी जवळच्या विमानतळावर हँगरच्या प्रतीक्षायादीत नाव घाला. विमान महिन्याभरात मिळतं, हँगरला आम्हाला तीन हिवाळे थांबावं लागलं.