बेभरवशाचा होमरनवाला संघात घ्यावा का? गॅलो आणि श्वार्बर, शेजारी शेजारी ठेवून

जुलै संपत आला की मेजर लीग बेसबॉलमध्ये ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत तोंडावर येते आणि ज्या संघाला ऑक्टोबरच्या प्लेऑफची आशा असते त्याच्या चाहत्यांत तोच वाद पेटतो. संघाला धावा हव्या आहेत. बाजारात एक फलंदाज आहे. त्याला चेंडू लागला तर तो चारशे फुटांपलीकडे जातो, नाही लागला तर तीन-तीन आठवडे बॅट नुसती हवेत फिरते. घ्यायचा की सोडायचा?

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना हा वाद जवळचा वाटेल. राज्याच्या उत्तरेकडे न्यूयॉर्क यँकीजचे चाहते जास्त, दक्षिणेकडे फिलाडेल्फिया फिलीजचे, आणि या दोन्ही संघांनी असा एकेक फलंदाज घेऊन पाहिला आहे. यँकीजने जोई गॅलो घेतला, फिलीजने काइल श्वार्बर. एकाचा अनुभव कडू ठरला, दुसऱ्याने शहराला वेड लावलं. निर्णय घेणाऱ्याला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही, कारण सुरुवातीला दोघं जवळजवळ एकाच ठिकाणी उभे होते.

दोघांचा जन्म १९९३चा. दोघं डावखुरे. दोघांनाही उजव्या बाजूला उंच, लांब फटका मारायची सवय. २०२०च्या करोनामुळे आखूड झालेल्या मोसमात गॅलोचं बॅटिंग ॲव्हरेज ०.१८१ होतं आणि श्वार्बरचं ०.१८८, म्हणजे पाच वेळा बॅट हातात घेतली तरी एक हिट (चेंडू मारून बेस, म्हणजे धावेचा टप्पा, गाठणं) धड नाही. शिकागो कब्जने तर त्या मोसमानंतर श्वार्बरला नवा करार न देता सोडून दिलं. वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला एका वर्षासाठी १ कोटी डॉलरला उचललं. आणि मग २९ जुलै २०२१ रोजी, एकाच दिवशी, टेक्सासचा गॅलो न्यूयॉर्क यँकीजकडे गेला आणि वॉशिंग्टनचा श्वार्बर यँकीजच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांकडे, बॉस्टन रेड सॉक्सकडे.

त्या दिवशी कौल घेतला असता तर बहुतेकांनी गॅलोच निवडला असता, आणि त्यात काही चूक नव्हती. टेक्सासमध्ये ९५ सामन्यांत त्याचे २५ होमरन (चेंडू थेट कुंपणापार, क्रिकेटच्या षटकारासारखे) झाले होते. आउटफिल्डमध्ये तो उत्तम, आदल्याच वर्षी उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळालेला. शिवाय तो पुढच्या पूर्ण मोसमासाठीही संघाकडे राहणार होता. श्वार्बरने जूनमध्ये १८ सामन्यांत १६ होमरन मारून धुमाकूळ घातला होता हे खरं, पण जुलैच्या सुरुवातीला मांडीचा स्नायू दुखावला आणि ट्रेड झाला तेव्हा तो जायबंदी यादीत होता. बॉस्टनला ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्याची वाट पाहावी लागली.

त्या मोसमाचे आकडे असे (वॉक म्हणजे चार बाहेरचे चेंडू सोडून फुकट मिळालेला पहिला बेस, स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद):

| २०२१ | गॅलो | श्वार्बर |
|---|---|---|
| पूर्ण मोसम, ॲव्हरेज | ०.१९९ | ०.२६६ |
| होमरन | ३८ | ३२ |
| वॉक | १११ | ६४ |
| स्ट्राइकआउट | २१३ | १२७ |
| नव्या संघात ॲव्हरेज | ०.१६० | ०.२९१ |
| नव्या संघात बेसवर पोहोचण्याचं प्रमाण | ०.३०३ | ०.४३५ |
| नव्या संघात होमरन | १३ (५८ सामने) | ७ (४१ सामने) |

शेवटची ओळ नीट पाहा. नव्या संघासाठी होमरन गॅलोने जास्त मारले, सामन्यांच्या हिशेबानेही जास्त. म्हणजे ज्या गोष्टीसाठी यँकीजने त्याला आणलं ती त्याने दिली. तरी ट्रेड फसला, कारण होमरनच्या मधल्या काळात त्याच्याकडून फारसं काही आलंच नाही. हे लक्षात घेतलं की वादाचा अर्धा धुरळा खाली बसतो. ताकद दोघांतही आहे. मधल्या काळात तो माणूस संघाला काय देतो, ते तपासायचं असतं.

इथे क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्या डोळ्यांची एक सवय बाजूला ठेवावी लागते. फलंदाज बाद झाला की त्याचा डाव संपला, हे आपल्या मनात इतकं रुजलेलं आहे की स्ट्राइकआउट दिसला की आपल्याला विकेट फेकल्यासारखी वाटते. बेसबॉलमध्ये तोच माणूस एका सामन्यात चार-पाच वेळा परत येतो. संघाला २७ आउट मिळतात आणि त्यातला स्ट्राइकआउटने गेलेला आउट हा बहुतेक वेळा झेल देऊन गेलेल्या आउटइतकाच महाग असतो. तिसऱ्या बेसवर धावपटू असताना, दोन आउट व्हायच्या आत, तो नक्कीच बोचतो. पण पहिल्या बेसवर माणूस असताना जमिनीवरून चेंडू मारून एका फटक्यात दोन आउट देणारा फलंदाज जास्त नुकसान करतो, आणि त्याच्यावर कुणी चिडत नाही. म्हणून नुसते स्ट्राइकआउट मोजून अशा खेळाडूला नकार देणं मला मान्य नाही.

पण स्ट्राइकआउटचं प्रमाण किती, याला एक उंबरठा असतो. २०२१मध्ये गॅलो फलंदाजीच्या दर १०० संधींमागे सुमारे ३५ वेळा स्ट्राइकआउट झाला, श्वार्बर २७ वेळा. यँकीजकडे आल्यावर गॅलोचा आकडा ३८च्या पुढे गेला आणि २०२२च्या पूर्ण मोसमात ४०ला टेकला. पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, एकदा कळलं की हा माणूस स्ट्राइक झोनमधल्या (मारण्याजोग्या टप्प्यातल्या) वेगवान चेंडूवरही चुकतो, की त्याला बाहेरचे चेंडू टाकायची गरजच उरत नाही. मग वॉक कमी होतात, आणि वॉक हाच तर अशा फलंदाजाचा पडत्या काळातला आधार. गॅलोचं बेसवर पोहोचण्याचं प्रमाण २०२२मध्ये ०.२८० झालं. श्वार्बरचा २०२३चा मोसम याच्याशेजारी ठेवा: ॲव्हरेज ०.१९७, स्ट्राइकआउट २१५, वाचूनच धडकी भरावी असे आकडे. पण १२६ वॉक, त्यामुळे बेसवर पोहोचण्याचं प्रमाण ०.३४३, आणि ४७ होमरन. ०.२००च्या खाली ॲव्हरेज असताना इतके होमरन त्याआधी कुणीही मारलेले नव्हते. तो मोसम फिलीजला हवाहवासा होता. गॅलोचे २०२२चे आकडे कुणालाच नको होते. ॲव्हरेजच्या रकान्यात मात्र दोघंही ०.२००च्या खालीच दिसतात, म्हणून तो रकाना मी सर्वांत शेवटी पाहतो.

मैदानाचा मुद्दा चाहते फार ताणतात. यँकी स्टेडियमची उजवी बाजू फाउल पोलपाशी (मैदानाच्या कडेच्या खांबापाशी) फक्त ३१४ फुटांवर आहे, डावखुऱ्या गॅलोसाठी ही मेजवानीच, असं तेव्हा सगळीकडे बोललं जात होतं. चेंडू बॅटला लागायलाच हवा, तर कुंपण जवळ असल्याचा उपयोग. शिफ्टचंही, म्हणजे क्षेत्ररक्षक एका बाजूला सरकवण्याचंही, तसंच. २०२३पासून सेकंड बेसच्या प्रत्येक बाजूला दोन-दोन इनफिल्डर (आतले क्षेत्ररक्षक) ठेवणं सक्तीचं झालं, त्यामुळे उजव्या बाजूला तीन माणसं उभी करून असल्या डावखुऱ्यांचे हिट खाता येईनात. तरी त्याच वर्षी श्वार्बर ०.१९७वर राहिला आणि मिनेसोटाकडून खेळणारा गॅलो ०.१७७वर. नियम बदलल्यामुळे खेळाडू बदलेल या आशेवर पैसे लावू नयेत.

भोवतालची फलंदाजी हा त्याहून खरा मुद्दा आहे. यँकीजकडे आधीच ॲरन जज आणि जियानकार्लो स्टॅन्टन होते, दोघंही त्या मोसमात दीडशेहून जास्त वेळा स्ट्राइकआउट झालेले. त्यांना डावखुरा हवा होता हे ठीक, पण त्याच साच्यातला तिसरा माणूस आणला की तिघं एकाच आठवड्यात थंड पडण्याची भीती असते, आणि तसा आठवडा संघाला सहन होत नाही. बॉस्टनची गोष्ट उलटी होती. रफाएल डेव्हर्स, झांडर बोगार्ट्स, जे. डी. मार्टिनेझ हे सगळे बॅट चालवणारे. त्यांच्यात चेंडू पारखून सोडणारा एक माणूस कमी होता, तो श्वार्बरच्या रूपाने मिळाला. ५ ऑक्टोबर २०२१ला फेनवे पार्कवर हे दोन संघ वाइल्ड कार्डच्या, म्हणजे हरणारा बाहेर अशा, एकाच सामन्यासाठी समोरासमोर आले. श्वार्बरने यँकीजचा पिचर गेरिट कोलला होमरन मारला, बॉस्टन ६-२ने जिंकलं आणि यँकीजचा मोसम तिथेच संपला.

किमतीतला फरकही डोळ्यांत भरणारा आहे. गॅलोसाठी यँकीजने चार होतकरू खेळाडू दिले, सोबत हुएली रॉड्रिगेझ हा डावखुरा पिचर त्यांना मिळाला. त्या चौघांतले जॉश स्मिथ आणि एझेकियल डुरान २०२३मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम लढत, जिंकणाऱ्या टेक्सासच्या संघात होते. श्वार्बरसाठी बॉस्टनने एक तरुण पिचर दिला. वर्षभराने यँकीजने गॅलोला डॉजर्सकडे पाठवलं तेव्हा बदल्यात एकच होतकरू पिचर आला. बेभरवशाच्या माणसाचा चांगला काळ चालू असताना त्याच्यासाठी चौघं द्यायचे म्हणजे सर्वांत चढा भाव मोजायचा. वॉशिंग्टनने केलं ते शहाणपणाचं: वाईट मोसमानंतर, एका वर्षासाठी.

वॉशिंग्टनमध्ये आणखी एक गोष्ट घडली जी आकड्यांत दिसत नाही. तिथला फलंदाजी प्रशिक्षक केव्हिन लाँग याने श्वार्बरबरोबर काम केलं. पुढे लाँग फिलाडेल्फियाला गेला आणि २०२२च्या मार्चमध्ये फिलीजने श्वार्बरशी चार वर्षांचा, ७ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला. म्हणजे ज्याला या माणसाची बॅट कशी बिघडते आणि कशी सुधारते हे माहीत होतं, तो आधीच संघात होता. त्याच वर्षी फिलीजच्या नॅशनल लीगमध्येही डेसिग्नेटेड हिटर (क्षेत्ररक्षण न करता फक्त फलंदाजी करणारा) आला, त्यामुळे क्षेत्ररक्षणात कच्च्या श्वार्बरला लपवायला जागा झाली. पहिल्याच मोसमात ४६ होमरन, लीगमध्ये सर्वाधिक, आणि संघ वर्ल्ड सिरीजमध्ये. याउलट गॅलोने न्यूयॉर्कमधला काळ किती त्रासाचा गेला हे स्वतः उघडपणे सांगितलं. प्रत्येक स्ट्राइकआउटला हुर्यो होणाऱ्या मैदानात आधीच चाचपडणाऱ्या माणसाला टाकणं, याचा हिशेब संघाने करायलाच हवा. मला गॅलोबद्दल आजही वाईट वाटतं. इतकं चांगलं क्षेत्ररक्षण करणारा, इतकी ताकद असलेला खेळाडू शांत गावात अजून चार वर्षं टिकला असता असं मला वाटतं.

तर तुमच्या संघासमोर असं नाव आलं तर? वॉकचं प्रमाण दर १०० संधींमागे १२च्या वर आणि स्ट्राइकआउट ३०च्या आसपास असेल, त्याला डेसिग्नेटेड हिटरची जागा देता येत असेल, आणि बाकीच्या फलंदाजांत निदान चार जण चेंडूला बॅट लावणारे असतील, तर घ्या. दोन महिन्यांसाठी एक होतकरू खेळाडू देणं मी मान्य करीन. स्ट्राइकआउट ३५वर गेलेले असतील तर तो कितीही लांब मारत असो, मी हात आखडता घेईन.

लांबच्या कराराची गोष्ट वेगळी, आणि तिथे बॉल्टिमोरच्या क्रिस डेव्हिसकडे पाहिल्याशिवाय सही करू नये. २०१३मध्ये ५३ होमरन, २०१४मध्ये ॲव्हरेज ०.१९६, २०१५मध्ये पुन्हा ४७ होमरन. हा चढउतार समोर दिसत असताना बॉल्टिमोरच्या ओरिओल्स संघाने जानेवारी २०१६मध्ये त्याला सात वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलर दिले. तिसऱ्या वर्षी तो ०.१६८वर आला. २०१९च्या एप्रिलपर्यंत सलग ५४ वेळा त्याला एकही हिट मिळाली नाही, आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये, करार संपायच्या आधीच, त्याने निवृत्ती घेतली. ॲडम डनचं उदाहरण थोडं सौम्य आहे: शिकागो व्हाइट सॉक्सने चार वर्षांसाठी ५ कोटी ६० लाख दिले, पहिल्या वर्षी ०.१५९ आणि फक्त ११ होमरन, दुसऱ्या वर्षी ४१. करार आखूड होता म्हणून संघाला थांबून पाहता आलं.

श्वार्बरने २०२५मध्ये ५६ होमरन मारले, ऑगस्टमध्ये अटलांटाविरुद्ध एकाच सामन्यात चार, आणि त्या डिसेंबरमध्ये फिलीजने त्याला आणखी पाच वर्षांसाठी १५ कोटी डॉलर दिले. पहिल्या दोन वर्षांबद्दल मला शंका नाही. पण नव्या कराराचा पहिला मोसम सुरू होतानाच तो ३३ वर्षांचा, आणि डेव्हिसने सही केली तेव्हा तो तिशीचाही नव्हता. माझ्या हातात असतं तर मी वर्षाचे पैसे वाढवून दिले असते आणि करार तीन वर्षांवर थांबवला असता.