अकूस्टिक न्युरोमा: कोणत्या वाटेने गेलं तर नंतरचे आठवडे कसे जातात

एमआरआयच्या रिपोर्टवर ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ किंवा ‘अकूस्टिक न्युरोमा’ (दोन्ही एकच) लिहून आलं की घरात दोन प्रश्न ठरलेले असतात. कॅन्सर आहे का? आणि डोक्याच्या ऑपरेशननंतर माणूस पहिल्यासारखा होतो का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ही गाठ कॅन्सरची नसते. तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातून ती उगवते, बहुतेकदा वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर वाढते, आणि काही गाठी वर्षानुवर्षं आहेत तेवढ्याच राहतात. दुसऱ्याचं उत्तर मात्र गाठीचा आकार, त्या कानात उरलेलं ऐकू येणं आणि सर्जन कोणत्या वाटेने आत शिरणार, यावर अवलंबून असतं.

मी तोलाचे व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे लोक येतात ते टाके निघाल्यावर, भिंतीला हात लावत लावत. त्यामुळे ही तुलना मी ऑपरेशन थिएटरमधून न करता त्यांच्या घरातून करते आहे: कोणता पर्याय घेतला तर पहिल्या आठवड्यात काय, सहाव्यात काय, आणि कशाची सवय कायमची करून घ्यावी लागते.

आत्ताच ऑपरेशन हवं का?

गाठ लहान असेल, मेंदूच्या देठावर दाब नसेल, तर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा एमआरआय करून पाहणं हा डॉक्टरांनी दिलेला रीतसर पर्याय आहे, चालढकल नव्हे. त्यात बरं होण्याचे आठवडेच नाहीत. पण गाठ वाढली नाही तरी त्या कानाचं ऐकू येणं हळूहळू कमी होऊ शकतं, आणि ‘डोक्यात काहीतरी आहे’ हे मनात घेऊन झोपणं सगळ्यांना जमत नाही.

दुसरा पर्याय गॅमा नाइफ. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९६८ मध्ये हे यंत्र प्रत्यक्षात आणलं. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात ते १९९०च्या दशकापासून आहे. नाव सुरीचं, पण कापाकापी काही नाही. डोक्याला चार स्क्रूंनी चौकट बसवतात, किरणांचा एकच डोस देतात, आणि माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. चौकटीच्या जागा दोन-चार दिवस दुखतात, डोकं जड राहतं. आठवड्याभरात कामावर गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

आठवड्यांच्या हिशेबात गॅमा नाइफपुढे ऑपरेशन टिकतच नाही. म्हणूनच हा हिशेब वर्षांचा करायला हवा. किरणांनी गाठ जात नाही, तिची वाढ थांबते. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांत ती थांबते. सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान गाठ थोडी सुजू शकते, तेव्हा तोल पुन्हा बिघडतो आणि लोक घाबरतात. ऐकू येणं पुढच्या काही वर्षांत उतरत जातं. एमआरआय चालूच राहतात. आणि गाठ साधारण तीन सेंटिमीटरच्या पुढे असेल तर हा पर्याय सहसा उरतच नाही. आपल्याकडे ‘एका कानाने कमी ऐकू येतं’ हे वर्षानुवर्षं मळ म्हणून, वय म्हणून सोडून दिलं जातं. त्यामुळे बरेच जण डॉक्टरांपर्यंत पोहोचतात ते मोठी गाठ घेऊनच.

कानातून की कानामागून

ऑपरेशनच करायचं ठरलं की मुख्य निवड दोन वाटांमध्ये असते. एक जाते आतल्या कानातून (ट्रान्सलॅबिरिंथाइन), दुसरी कानाच्या मागे कवटीला खिडकी पाडून (रेट्रोसिग्मॉइड). तिसरी, कानाच्या वरच्या बाजूने जाणारी मिडल फॉसा, फार लहान गाठींसाठी आहे. ती करणारे सर्जन मोजके, म्हणून तिच्यात इथे शिरत नाही.

आतल्या कानातून जाताना तो कान ऐकण्याच्या दृष्टीने शंभर टक्के जातो. त्यात जर-तर नाही. बदल्यात मेंदूला जवळजवळ हात लागत नाही आणि चेहऱ्याची नस सर्जनला लवकर दिसते. पोखरलेली पोकळी भरायला पोटाची चरबी काढून घालतात, म्हणून या लोकांना दोन जखमा असतात. ‘ऑपरेशन डोक्याचं आणि दुखतंय पोट’ ही तक्रार पहिल्या आठवड्यात हमखास ऐकू येते. खोकताना पोटावर उशी दाबून धरली की बरं वाटतं. डोकेदुखी मात्र यांना तुलनेने कमी.

कानामागच्या वाटेने लहान मेंदू थोडा बाजूला सारावा लागतो. गाठ लहान असेल आणि कान अजून कामाचा असेल तर ऐकू येणं वाचण्याची शक्यता या वाटेत असते, हमी नसते. तीन सेंटिमीटरच्या गाठीत ती आशा जवळपास सोडूनच द्यावी. बहुतेक न्यूरोसर्जनच्या हाताला हीच वाट सवयीची असते, आणि मोठ्या गाठीलाही ती चालते. तिची किंमत म्हणजे मानेच्या मुळापासून कपाळापर्यंत चढणारी डोकेदुखी. बहुतेकांची ती महिना-दीड महिन्यात उतरते, काहींची कित्येक महिने मुक्काम ठोकते. काढलेलं हाड परत बसवणार का, किंवा ती जागा भरून घेणार का, हे सर्जनना आधीच विचारा. भरून घेतलेली बरी, कारण मानेचे स्नायू थेट मेंदूच्या आवरणाला चिकटले की डोकेदुखी वाढते.

माझं मत सरळ आहे. त्या कानाला फोनवरचं बोलणं कळतच नसेल, तर तो वाचवण्यासाठी डोकेदुखीची जोखीम घेण्यात मला अर्थ दिसत नाही. ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये) नुसते डेसिबल पाहू नका, शब्द किती टक्के ओळखता येतात तो आकडा पाहा. तो पन्नासच्या बराच खाली असेल तर ‘वाचलेला’ कान व्यवहारात फारसा उपयोगी पडत नाही. पण ज्या सर्जनने शंभर गाठी कानामागून काढल्या आहेत, त्यांना माझ्या सांगण्यावरून वाट बदलायला लावू नका. सरावाचा हात हा वाटेपेक्षा मोठा मुद्दा आहे.

मोठ्या गाठीत आणखी एक निवड असते: सगळी काढायची, की चेहऱ्याच्या नसेला चिकटलेला पापुद्रा ठेवून द्यायचा. ‘थोडी राहिली’ ऐकून नातेवाईक खट्टू होतात. मला उलट वाटतं. राहिलेल्या तुकड्यावर नजर ठेवता येते, गरज पडली तर गॅमा नाइफ करता येतं. तुटलेल्या नसेचा चेहरा मात्र पहिल्यासारखा होत नाही.

चक्कर

लोकांना वाटतं, मोठी गाठ म्हणजे मोठी चक्कर. बऱ्याचदा उलट घडतं. गाठ वर्षानुवर्षं वाढत असताना तोलाची नस हळूहळू निकामी झालेली असते आणि मेंदूने दुसऱ्या बाजूवर काम चालवायला शिकून घेतलेलं असतं. अशी नस कापली तरी मोठा फरक पडत नाही. लहान गाठीत नस धडधाकट असते, आणि ती एका सकाळी अचानक बंद होते. मग पहिले तीन-चार दिवस खोली फिरते, उलट्या होतात, डोळे उघडवत नाहीत. वाट कुठलीही असो, यातून सुटका नाही.

उलट्या थांबवायला सुरुवातीला गोळ्या लागतातच. पण चक्करेच्या गोळ्या महिनाभर ‘असू द्या’ म्हणून चालू राहिल्या तर मेंदूची शिकण्याची गती मंदावते. त्या कधी बंद करायच्या हे डिस्चार्जच्या दिवशीच विचारून घ्या. पडून राहिल्यानेही तेच होतं. आपल्याकडची माया इथे आडवी येते. ‘उठू नकोस गं, चक्कर येईल’ म्हणत सासूबाई ताट हातात आणून देतात. चक्कर थोडी यायलाच हवी, त्याशिवाय मेंदू धडा घेत नाही.

पहिला व्यायाम साधा असतो. हात समोर लांब करून अंगठ्याच्या नखावर नजर ठेवायची आणि ‘नाही नाही’ म्हणताना हलवतो तशी मान हलवायची. नख धूसर व्हायला लागलं की वेग जास्त झाला. त्याच्या किंचित अलीकडे राहायचं. एकेक मिनिट, दिवसातून तीन-चार वेळा. नंतर पंधरा-वीस मिनिटांत मळमळ बसली तर बरोबर चाललंय, तासभर राहिली तर जास्त झालं. दुसऱ्या आठवड्यात बहुतेक जण आधाराने गॅलरीपर्यंत येतात, सहाव्या आठवड्यापर्यंत सोसायटीत एकटे फिरतात. अंधारात आणि खडबडीत रस्त्यावर पाय डगमगणं त्यानंतरही काही महिने राहतं.

सगळ्यात जास्त पडापडी होते ती न्हाणीघरात. डोकं धुवायची परवानगी मिळाली की माणूस सवयीने डोळे मिटून डोक्यावर तांब्या ओततो. डोळे मिटले की तोलाचा उरलेला आधारही जातो. स्टूलवर बसून आंघोळ करा आणि दाराला कडी लावू नका. उकिडवं बसायचा संडास असेल तर घरी यायच्या आधी कमोडची खुर्ची आणून ठेवा, कारण वाकणं आणि कुंथणं दोन्ही टाळायचं असतं. रात्री इसबगोल घ्यायचा की काय, तेही डॉक्टरांना विचारून ठरवून टाका.

चेहरा आणि डोळा

चेहऱ्याची नस गाठीला खेटूनच असते, म्हणून तोंड वाकडं होण्याची भीती सगळ्यांना असते आणि ती अनाठायी नाही. डॉक्टर हाउस-ब्रॅकमन मोजपट्टीने एक ते सहा अशी श्रेणी देतात. एक म्हणजे नॉर्मल, सहा म्हणजे अजिबात हालचाल नाही. शुद्धीवर आल्यावर चेहरा नीट असलेल्या काहींचा तो चार-आठ दिवसांनी लुळा पडतो. घरच्यांना वाटतं लकवा मारला. हा उशिरा आलेला लुळेपणा बहुतेकदा भरून येतो, पण त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. हॉलिवूडचा नट मार्क रफालो याचं हे ऑपरेशन २००१ मध्ये झालं. चेहऱ्याची एक बाजू कित्येक महिने लुळी होती. ती परतली, डाव्या कानाचं ऐकू येणं परतलं नाही.

चेहरा वाट पाहू शकतो, डोळा नाही. पापणी पूर्ण मिटत नसेल तर दिवसा दर तासा-दोन तासांनी थेंब, रात्री मलम आणि पापणी नीट मिटवून वर टेप. मोठ्या गाठीत कधीकधी चेहऱ्याची संवेदनाही गेलेली असते, तेव्हा डोळा लाल होतो पण दुखत नाही. ‘दुखत नाही ना, मग असू दे’ म्हणण्यात बुबुळाला जखम झालेली मी पाहिली आहे. लाल दिसला की नेत्रतज्ज्ञ, त्याच दिवशी.

घरी जायचं की इस्पितळाजवळ राहायचं

परभणी-चंद्रपूरहून पुण्या-मुंबईला ऑपरेशनला आलेल्यांसाठी ही निवड वाटेच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. पाचव्या-सातव्या दिवशी डिस्चार्ज मिळतो आणि सगळ्यांना गावाकडची ओढ लागते. घरी जेवण आपलं, माणसं आपली, खर्च कमी. भाड्याच्या खोलीत एकच माणूस सोबतीला, तोही कंटाळलेला.

तरीही पहिले दोन आठवडे इस्पितळाजवळच काढावेत, असं मी सांगते. मेंदूभोवतीचं पाणी गळणं, जंतुसंसर्ग, उशिराचा चेहऱ्याचा लुळेपणा, हे सगळं बहुतेकदा याच काळात होतं, आणि दोन्ही वाटांत होऊ शकतं. खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा स्वच्छ थेंब टपकला, किंवा घशात खारट चव उतरली, तर ती सर्दी समजू नका. नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या, आणि लगेच इस्पितळ गाठा. ताप आणि मान आखडणं एकत्र आलं तर सकाळची वाट पाहू नका. अशा रात्री आठ तासांवरच्या गावात असणं परवडत नाही. खोलीच्या भाड्यासाठी हात आखडत असेल तर इस्पितळाच्या समाजसेवा विभागात चौकशी करा. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

कामावर परत

टेबलावरचं काम असेल तर सहा ते आठ आठवडे धरा. उभ्याचं, ओझ्याचं किंवा उंचावरचं असेल तर तीन महिने, आणि शिडीवर चढायचं असेल तर आमच्याकडून तपासून घेतल्याशिवाय नाही. थकवा सगळ्यात शेवटी जातो. चेहरा ठीक, चाल ठीक, आणि दुपारी तीनला माणूस गळून जातो. ऑफिसला ते नाटक वाटतं. शक्य असेल तर पहिले पंधरा दिवस अर्धा दिवस मागून घ्या.

दुचाकीची घाई करू नका. मान झटकन वळवली तरी रस्ता स्थिर दिसला पाहिजे, हेल्मेट जखमेवर दाबता कामा नये, आणि एका कानावर हॉर्न कुठून आला हे कळत नाही, हे अंगवळणी पडायला हवं. रस्ता ओलांडताना, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत हीच अडचण येते. चांगला कान बोलणाऱ्याकडे येईल अशी जागा धरा. तीन-चार महिन्यांनी क्रॉस हिअरिंग एड (बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पाठवणारं यंत्र) किंवा हाडातून आवाज पोचवणारं यंत्र लावून पाहता येतं. त्याने आवाजाची दिशा कळत नाही, पण बहिऱ्या बाजूने बोललेलं ऐकू येतं.

तारीख ठरली की ऑपरेशनच्या आधी एकदा तोलाच्या फिजिओथेरपिस्टला भेटून घ्या. अंगठ्याचा व्यायाम खोली फिरत नसताना शिकायला दहा मिनिटं लागतात. फिरायला लागल्यावर तोच शिकवताना पेशंटच्या एका हातात उलटीची पिशवी असते.